पहिल्या पसंतीची लिफ्टर

माझ्या भाचीला बघायला चार माणसं आली तेव्हा तिच्या लग्नाचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. आले होते ते एका व्हॉलीबॉल टीमचे लोक. तरी सगळं मुलगी बघायला आल्यासारखंच झालं, आणि तिथेच चुकलं, असं माझं आजही ठाम मत आहे. माझ्या मताला आमच्या घरात फारशी किंमत नाही, हा भाग वेगळा.

आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस होते. मी जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि एका शाळेत पोरींना पीटी शिकवते. आखाजीला मात्र धुळ्याजवळच्या आमच्या गावी, धाकट्या भावाकडे जायचं म्हणजे जायचंच. हा आमच्याकडचा लेकीबाळींचा सण. सासरी कितीही राबा, आखाजीला माहेरी आलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही. लिंबाला झोका बांधलेला असतो, खापरावरचे मांडे आणि आमरस असतो, पोरी दिवसभर गावात मोकळ्या हिंडतात. वर्षातला हा एकच सण, ज्यात पोरीला ‘तुला काय हवं’ असं विचारतात. नेमकी त्याच सणाला ही माणसं आली.

आमच्या खान्देशात अलीकडे मुलींची एक व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, चोपडा अशा गावांच्या टीमा असतात आणि प्रत्येक टीमच्या मागे कुणीतरी पैसेवाला असतो. आले होते ते जळगावचे एक डाळमिलवाले शेठ, त्यांचे कोच, नात्यातले एक गृहस्थ आणि ड्रायव्हर. मुलगी बघायला तिघांनी जायचं नसतं म्हणून ड्रायव्हरलाही आत आणून सतरंजीवर बसवलं, हे शेठनीच हसत हसत सांगितलं. तीन तिगाडा, काम बिगाडा. माझ्या भावाला हे फार आवडलं. माणसं रीतीची आहेत असं त्याला वाटलं.

भावाला गावात सगळे नाना म्हणतात. तो काही सरपंच नाही की पुढारी नाही, पण पंचक्रोशीत कुणाची सोयरीक जमायची असली की बैठकीला नाना लागतात. नानांनी ‘हो’ म्हटलं की ते लग्न लागल्यातच जमा. त्याच्या शब्दावर लोकांनी मंडप घातलेत. या शब्दाचा त्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण कुठली गोष्ट बैठकीची आणि कुठली नाही, एवढं तरी माणसाला कळावं की नाही?

तर बैठक बसली. भावजयीने सवयीने पोरीला ट्रॅकपँट काढून पंजाबी ड्रेस घालायला लावला, वर ओढणी दिली, आणि तिच्या हातात सरबताचा ट्रे दिला. पोरगी बाहेर आली. शेठनी वय विचारलं, शिक्षण विचारलं. कोचनी तिला दाराच्या चौकटीला टेकवून उंची पाहिली. मग तिचा पंजा उघडून बघितला, बोटं लांब आहेत म्हणाले. चष्मा नाही ना, असं विचारलं. नात्यातल्या गृहस्थांनी ‘एवढ्यात लग्नाचं तर बघत नाही ना?’ अशी चौकशी केली, त्यावर भाऊ म्हणाला, नाही. मग तिला अंगणात नेऊन गोठ्याच्या आढ्याला हात लावायला सांगितलं. ओढणी कमरेला बांधून तिने उडी मारली आणि आढ्यावर पंजा मारून खाली आली. ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या.

तिचा चेंडू समोरच्याच कोनाड्यात होता. इतका वेळ बसले, सरबत पिऊन झालं, मांडे खाऊन झाले, पण एकाही माणसाने तो चेंडू तिच्या हातात दिला नाही. आणि पोरीला एकही प्रश्न असा विचारला नाही, की ज्याचं उत्तर फक्त तिच्याकडे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आखाजी होती, पाहुणे होते, आणि भाऊ माझ्याकडे ‘अक्का, तू गप बस’ अशा नजरेनं बघत होता.

माझी भाची लिफ्टर आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगते. व्हॉलीबॉलमध्ये पलीकडून आलेला चेंडू पहिली खेळाडू कसाबसा वर उडवते, तिसरी तो जोरात पलीकडे मारते, आणि या दोघींच्या मधला हात लिफ्टरचा. टाळ्या मारणारीला पडतात. पण चेंडू कुणाच्या हातात, किती उंच, कधी द्यायचा हे सगळं लिफ्टर ठरवते. लग्नाच्या पंगतीत वाढणारी बाई असते ना, कुणाच्या पानात काय संपलंय, कोण लाजून मागत नाही, कोण उगाच हात आडवा करतंय, हे न विचारता ओळखणारी, तशी. वाढणारी चांगली नसली तर कितीही मोठा स्वयंपाक करा, पंगत उपाशी उठते.

मी स्वतः धुळ्याच्या कॉलेजात असताना लिफ्टर होते. भाची दर सुट्टीत माझ्याकडे पिंप्राळ्याला येई तेव्हा कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, विजेच्या खांबाला आणि एका बाभळीला कांद्याची जाळी बांधून मी तिला शिकवलं. मी शिकवलं म्हणते, पण पुढे पुढे तीच मला थक्क करू लागली. चेंडू तिच्या बोटांत थांबतच नसे. आवाजही व्हायचा नाही. डावीकडे बघत ती उजवीकडे लिफ्ट द्यायची आणि समोरच्या पोरी वेड्यासारख्या चुकीच्या बाजूला उड्या मारायच्या. शाळेच्या सामन्यांत तिला धुळ्याच्या टीमच्या कोचबाईंनी पाहिलं होतं. त्यांच्याकडे चांगली लिफ्टरच नव्हती. ‘ही आली तर माझी टीम उभी राहील’ असं त्या मला दोनदा बोलल्या होत्या.

आणि पोरीचं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. राज्याच्या ज्युनिअर संघासाठी निवड करणारी मंडळी ही लीग बघायला येतात. वयाच्या हिशेबाने भाचीचं त्या गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. या वर्षी मैदानात दिसली तर दिसली, नाहीतर तो दरवाजा बंद. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आलेल्या चौघांनाही माहीत होतं.

उठताना शेठनी नारळ नाही की काही नाही, नुसते दोन्ही हात जोडले आणि भावाला म्हणाले, “नाना, आमची पहिली चिठ्ठी निघाली तर पोरगी आमची. तुमचा शब्द पाहिजे.”

भाऊ म्हणाला, “दिधा.”

एवढंच. दिला, एका शब्दात. पोरगी ट्रे घेऊन आत गेली होती.

खेळाडूंची निवड आषाढात झाली, जळगावच्या एका मंगल कार्यालयात. लग्नाची तिथी नसल्याने हॉल रिकामा होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या तशाच होत्या आणि मागे कुणाच्या तरी लग्नाची थर्माकोलची फुलं अजून लटकत होती. माइकवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की हा लिलाव नाही, हा ड्राफ्ट आहे. म्हणजे चिठ्ठी टाकून टीमांचा क्रम लागणार आणि मग एकेक टीमने एकेक पोरगी निवडायची. निवडलेल्या पोरीला त्या वर्षी दुसऱ्या टीमकडून खेळता येणार नाही. पोरींना एका बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं होतं, आणि सोफ्यावर बसलेले लोक त्यांच्याकडे बघून कानात बोलत होते. लिलाव नाही म्हणे!

पहिली चिठ्ठी डाळमिलवाल्यांची निघाली. शेठ उठले, माइक हातात घेतला आणि माझ्या भाचीचं नाव घेतलं. फटाके नव्हते, एवढंच. तिला स्टेजवर बोलावून तिच्या अंगावर जर्सी धरली, फोटो काढले. भावाला वर बोलावून सोनेरी खुर्चीवर बसवलं. शेठ म्हणाले, आजपासून ही आमची पोरगी. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या आणि धुळ्याच्या कोचबाई मान खाली घालून बसल्या. भावाने तो फोटो महिनाभर व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. गावात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही आनंद झाला. शेठनी घरी येऊन काय केलं ते विसरून मी म्हटलं, निदान माणसाला पारख आहे.

सरावासाठी भाची माझ्याकडेच राहायला आली. संध्याकाळी मी तिला स्कूटरवरून हॉलवर सोडायचे. पहिले काही दिवस मला शाळेच्या कामामुळे थांबता आलं नाही. ती घरी आली की मी विचारायचे, कसं झालं? ती म्हणायची, “झायं, फुई.” म्हणजे झालं, आत्या. पुढे बोलायची नाही. मग एक दिवस मी थांबले, बाकावर बसून पाहिलं, आणि मला ते ‘झायं’ कळलं.

लिफ्टरच्या जागी शेठची पुतणी होती. पुण्यात शिकणारी, चांगल्या स्वभावाची पोरगी, तिचा काही दोष नाही. पण हात दगडी. चेंडू तिच्या हातात धपकन पडायचा आणि भलतीकडेच उडायचा. मारणाऱ्या पोरी वैतागून एकमेकींकडे बघायच्या. आणि माझी भाची, पहिल्या चिठ्ठीची, फोटोतली, ‘आमची पोरगी’, ती भिंतीकडून चेंडू गोळा करून आणत होती. एकेक चेंडू पुसून टोपलीत टाकत होती. सराव संपेपर्यंत तिने एकही लिफ्ट दिली नाही.

मी कोचना गाठलं. म्हटलं, “सर, हिला कधी खेळवणार?”

ते बरे गृहस्थ होते, म्हणजे निदान खोटं बोलत नव्हते. म्हणाले, “ताई, खरं सांगू का? लिफ्टर तर घरचीच ठरलेली होती. पण हिला आपण घेतली नसती तर धुळेवाल्यांनी घेतली असती. मग त्यांना कोण हरवणार?”

“म्हणजे तुम्ही हिला खेळवायला घेतलीच नाही?”

“तसं नाही ताई. दुसऱ्याकडे नको म्हणून घेतली.” आणि वर मला समजावत म्हणाले, “सगळ्याच टीमा असं करतात.”

आपण जेवायचं नाही आणि दुसऱ्याच्या पानात पडू द्यायचं नाही. ज्याला गरज होती त्याच्या ताटातून घास उचलायचा आणि स्वतःच्या घरी झाकून ठेवायचा, नासला तरी चालेल. आणि याला पहिली पसंती म्हणायचं! मी त्या हॉलमध्ये काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेत पोरींना शिस्त शिकवणाऱ्या बाईला ते शोभलं नाही, असं नंतर कुणीतरी म्हणालं. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी शेठच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, डाळीच्या पोत्यांचा वास येत होता. ते म्हणाले, “ताई, लहान आहे ती. बसून शिकतेय. पुढच्या वर्षी टीम तिचीच.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

त्यावर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “असं करू. दसऱ्यापर्यंत पोरगी सोडायची मुभा आहे. धुळेवाले घ्यायला तयार आहेत, ते मला माहीत आहे. नानांनी यावं, समोर बसावं आणि शब्द परत मागावा. मी त्याच क्षणी सोडतो. पण मागणी नानांची पाहिजे. तुमची नाही.”

माणूस किती हुशार होता बघा. कुलूप त्याने लावलंच नव्हतं. कुलूप माझ्या भावाच्या घरात होतं आणि शेठला पक्कं माहीत होतं की माझा भाऊ ते उघडणार नाही. सरबत पिताना त्याने पोरीचा पंजा बघितला, पण खरी पारख केली ती बापाची.

त्याच रात्री मी भाचीला सरळ विचारलं. “तुले काय करनं शे?” ती जेवत होती. घास खाली ठेवून म्हणाली, “माले खेयनं शे, फुई. कोनीकडून बी. मी बसी बसी मरी जासू.” खेळायचंय, कुणाहीकडून. बसून बसून मरून जाईन. आमची पोरगी रडत नाही. तिने घास उचलला आणि जेवण पूर्ण केलं.

रविवारी मी पारोळ्यावरून जाणारी एसटी पकडून गावी गेले. कापसाची वेचणी सुरू होती. भाऊ शेतात होता, डोक्याला उपरणं, कमरेला ओटी बांधलेली. मी बांधावर उभी राहूनच सुरू केलं. सगळं सांगितलं. घरची लिफ्टर, चेंडू पुसणं, कोच काय म्हणाले, शेठ काय म्हणाले. तो ऐकत होता आणि हात चालू होते. शेवटी म्हणाला,

“अक्का, मी शब्द दिधेल शे.”

“मंग परत मांग. तो देवाले तयार शे.”

“असं कसं? आते मोडू त लोके काय म्हनतीन? नाना पोर दिसन परत लई उना म्हनतीन.” नाना पोर देऊन परत घेऊन आला, असं लोक म्हणतील म्हणे.

“अरे, तिनं काय लगीन लायेल शे का?” तिचं काय लग्न लावलंय, म्हणून मी ओरडलेच. शेजारच्या शेतातल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. “ती काय नांदाले गयी शे?”

त्याने हातातला कापूस ओटीत टाकला. मग खाली बघूनच म्हणाला की आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, दिलेला शब्द मोडायचा नाही. पोराकडच्यांनी मोडला तर मी त्यांच्या दारात जाऊन भांडलोय. आता माझ्या घरावर आलं की मीच मोडू?

मी म्हटलं, तू शब्द शेठला दिलास. पोरीला कधी दिला होतास का काही?

दगडावर डोकं आपटून काय होणार. भावजय मध्ये पडली, म्हणाली, अक्का, उन्हात उभ्या राहू नका, घरी चला. मी घरी गेले नाही. त्याच पावली एसटी स्टँडवर आले आणि परत येताना सगळ्या वाटेत त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर राग जास्त येत होता. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं.

दसरा गेला. दिवाळीनंतर लीग सुरू झाली.

भाची प्रत्येक सामन्याला जर्सी घालून, केस घट्ट बांधून जायची आणि बाकावर बसायची. वर ट्रॅकसूट असे, तो तिने एकदाही उतरवला नाही, कारण कुणी उतरवायला सांगितलंच नाही. मी प्रेक्षकांत बसून मैदानाकडे बघायचेच नाही, तिच्याकडे बघायचे. चेंडू वर उडाला की मांडीवर तिची बोटं उघडायची आणि मिटायची. प्रत्येक चेंडूला. डोळे भिरभिरायचे, कोण मोकळी आहे, कुणाला द्यायचा. सगळी लिफ्ट ती मांडीवर देत होती.

जळगाव-धुळे सामन्याला गावाहून पिकअप भरून लोक आले. नाना पुढे, पांढरीशुभ्र टोपी, इस्त्रीचा शर्ट. त्याने तोवर पोरीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. शेठनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मीही जाऊन शेजारी बसले. मुकाट बसले, माझ्या मते.

सामना बघण्यासारखा नव्हताच. इकडे पुतणीचे दगडी हात. तिकडे धुळ्याच्या कोचबाईंनी नाइलाजाने एका उंच मारणाऱ्या पोरीलाच लिफ्टर केलेलं, म्हणजे त्यांचा चांगला हातही वाया गेलेला. दोन्हीकडे पंगत उपाशी. आणि दोन्ही पंगतींना पोटभर वाढू शकेल अशी पोरगी बाकावर. निवड करणारे दोघे जण मंडपाच्या सावलीत टोप्या घालून बसले होते, अधूनमधून जांभया देत.

भावाने पहिल्या सेटला विचारलं, “आते उतारतीन का तिले?” मी बाकाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या सेटला त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या सेटला विचारलं नाही. तो तिच्याकडे बघत होता. मला वाटतं, तेव्हा त्याला तिची बोटं दिसली असावीत, कारण तो स्वतःच्या हातांकडे बघायला लागला.

सामना संपल्यावर माइकवरून त्याचं नाव पुकारलं. यंदाच्या पहिल्या पसंतीच्या खेळाडूचे वडील म्हणून शेठनी त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात श्रीफळ दिलं. गावच्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. लोकांच्या तोंडाला पानं पुसायची म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. भाऊ शाल घेऊन खाली उतरला. पोरीपाशी गेला, काहीतरी बोलायचं म्हणून उभा राहिला, आणि तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लावून परत आला. पिकअपमध्ये ती शाल त्याने मांडीवर धरून ठेवली होती, असं भावजयीने मला फोनवर सांगितलं. नंतर ती त्यांच्या ओसरीतला कुलर झाकायला कामाला आली.

राज्याच्या निवडीत भाची नव्हती. मी निवड करणाऱ्यांपैकी एकांना फोन केला, तेही सज्जनपणे बोलले. म्हणाले, बाई, जी खेळलीच नाही तिला कशावरून निवडणार? त्यांचं बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाचंच बरोबर होतं. शेठचं बरोबर, त्यांना जिंकायचं होतं. कोचचं बरोबर, सगळ्याच टीमा तसं करतात. नियम बरोबर, शब्द बरोबर. आणि इतक्या बरोबर माणसांनी मिळून एका पोरीचं वर्ष गिळलं, ते पुन्हा येणार नव्हतं. ती गावी परत गेली, कॉलेजात नाव घातलं, वेचणीला गेली. चेंडू परत कोनाड्यात गेला.

पुन्हा आखाजी आली. मी भावावर रागावलेली होते, तरी गेले. आखाजी सोडून कुठे जाणार?

दुपारची वेळ होती. शेजारच्या गावचा एक ओळखीचा शेतकरी मोटरसायकल घेऊन आला. पाणी झालं, हवापाण्याचं झालं, आणि मग तो मुद्द्यावर आला. त्याची पोरगी चांगली खेळते. डाळमिलवाल्यांचे लोक तिला बघून गेले, चौघे होते, माणसं रीतीची वाटली. शब्द मागितलाय.

“तुम्ही तठे पोर दिधी व्हती ना, नाना? मानसे कसा शेतस?”

आमच्याकडे ही रीतच आहे. पोरगी द्यायची तर त्या घरात ज्याने आधी दिली आहे त्याच्याकडे जाऊन चौकशी करायची. आणि या चौकशीला सगळे काय उत्तर देतात तेही ठरलेलं आहे. माणसं चांगली आहेत. दुसरं काही बोलून कुणी सोयरीक मोडल्याचं पाप डोक्यावर घेत नाही. नानांनी तर असल्या चौकशांना जन्मभर ‘मानसे चांगला शेतस’ हेच उत्तर दिलेलं आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंड उघडायच्या तयारीतच होते.

 भावाने आत हाक मारली. भाची बाहेर आली. तिला त्याने खाटेवर स्वतःच्या शेजारी बसवलं. पाहुण्यांसमोर पोरीला खाटेवर बसवलेलं मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहत होते.

“माले काय इचारतस, भाऊ,” तो म्हणाला. “मी दिधी व्हती. ऱ्हायनी ती. तिलेच इचारा.” दिली मी, पण राहिली ती.

तो माणूस गोंधळला. भाचीकडे बघून हसला आणि पुन्हा नानांकडेच बघायला लागला. भाचीने मात्र उत्तर दिलं नाही. तिने उलट त्यालाच विचारलं, “काका, तुम्हनी पोर कोठे शे?”

“घर शे.”

“तिले काबर नही आनी?” का नाही आणलं तिला?

“तिले काय समजस बेटा,” तो म्हणाला, अगदी प्रेमाने.

माझ्या तोंडात अशी काही शिवी आली होती! पण त्याआधीच माझा भाऊ उठला. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि म्हणाला, “चला. तुम्हना घर जावूत.” भाचीने कोनाड्यातला चेंडू काढला. त्यात हवा कमी झाली होती, तिने दाबून पाहिला, तसाच घेतला. मी चपला शोधल्या. पाहुणा, भाऊ, भाची आणि मी, असे आम्ही चार जण मुलगी बघायला निघालो.

ती पोरगी अंगणात झोक्यावर होती. बापाबरोबर एवढी माणसं बघून ती पटकन खाली उतरली आणि ओढणी आणायला आत पळाली. भाचीने तिला हाक मारून थांबवलं आणि चेंडू सरळ तिच्याकडे फेकला. पोरीने तो बोटांवर झेलला आणि परत पाठवला. पुन्हा भाचीकडून, पुन्हा तिच्याकडून. किती तरी वेळ दोघी एकमेकींना चेंडू देत राहिल्या. हवा कमी असलेला चेंडू, तरी आवाज होत नव्हता.

मग भाचीने चेंडू धरला आणि विचारलं, “तुले कोठे खेयनं शे?”

वर्षभरापूर्वी आमच्या घरात चार शहाणी माणसं बसली होती, त्यातल्या एकाने हे एवढं विचारलं असतं तर. विचारायला काय लागतं? तेच आता त्या प्रश्नाला मुकलेल्या पोरीने दुसरीला विचारलं.

त्या मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सवयीने बापाकडे बघितलं.

“बापकडे देखू नको, बेटा,” माझा भाऊ म्हणाला. तो तिच्याशी बोलत असला तरी बघत होता स्वतःच्या पोरीकडे. “तू सांग.”